जपानी पाहुण्याचं ‘हाय’

माझी बायको जपान्याशी आगरीत बोलायची आणि जपानी तिला आगरीत उत्तर द्यायचा. हे मी सोसायटीच्या कट्ट्यावर सांगितलं की लोक हसतात. म्हातारा एकटा पडलाय, आता काहीही बोलतो, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. हसा. पण झालं ते झालं, आणि बघितलेला आता मी एकटाच उरलोय. ती गेल्या वर्षी गेली.

ऐंशी साल लागायच्या आसपासची गोष्ट आहे. महाप्याला डोंगराच्या पायथ्याशी आमची भातशेती होती. ती सरकारनं कारखान्यांसाठी घेतली आणि मला तिथल्याच एका कारखान्यात हेल्परची नोकरी लागली. ज्या जमिनीत मी नांगर धरला, त्याच जमिनीवर उभा राहून मशीनला तेल घालायला लागलो. मला त्याचं फार काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पाय चिखलातून सुटले, महिन्याच्या महिन्याला पगार आला, मी खूश.

बायकोला मात्र वाटलं. आमच्या शेताच्या एका तुकड्याला ‘चिंचेखालची’ म्हणायचे. ती लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं पहिली लावणी तिथं केली होती. चिंच तोडली, शेड उभी राहिली, आणि तिनं ठरवून टाकलं: त्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही, तिथलं काही तोंडात घालायचं नाही. दिवाळीला कंपनी मिठाईचा डबा द्यायची. तो ती झाकणही न उघडता शेजारी देऊन टाकायची. दसऱ्याला शेडमध्ये पूजा असायची, सगळ्यांच्या बायका नटून यायच्या. माझी यायची नाही.

"मना नाय जावाचा तिकरं."

"अगो, कारखान्यानं काय केलं तुझं? जमीन सरकारनं घेतली."

"तुमी जा ना. तुमाला तेल घालाचा हाय."

मी सायकल काढायचो.

आता आमची शेड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका बाजूला रशियाचं मशीन होतं. हिरवं, रेड्यासारखं जाड, त्याच्या पाटीवर काही अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी. बिघडलं की चार दणके घातले की चालू. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा कॉम्प्रेसर, चकचकीत, पण त्याचा एक वायसर गेला की पंधरा दिवस बंद. मशीनांची खरी नावं कुणाला बोलता येत नव्हती. त्यामुळे आम्ही देशांच्याच नावानं हाक मारायचो. "ए, रशियाला ग्रीस लाव." "आज अमेरिका गरम झालीय, पंखा फिरव तिकडं." मी घरी येऊन सांगायचो, "आज अमेरिका बंद पडली," तर बायको म्हणायची, "बरा झाला, जरा इसावा घेल."

माझ्याबरोबर एक फिटर होता, मराठवाड्याचा. दुष्काळात गाव सोडून आलेला, बौद्ध, दहावी शिकलेला. रोज पेपर वाचायचा, सगळा, लग्नाच्या जाहिरातीसकट. तो मला ‘भाऊ’ म्हणायचा, माझ्या बायकोला ‘वहिनी’. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला जगाचं भांडण समजावून दिलं.

"हे बघा भाऊ, मोठी लढाई झाली. सगळे एकमेकांच्या उरावर बसले. जर्मनी झोपला, जपान झोपला, इंग्रजाची बी कंबर मोडली. उभे राहिले दोघंच, रशिया अन् अमेरिका. आता ह्या दोन पैलवानांची कुस्ती काही लागत नाही. नुसते मांड्या ठोकून दाखवतात. मग करायचं काय? जे पडलेत त्यांना उठवायचं, खाऊ घालायचं अन् आपल्या बाजूला बसवायचं."

"आपल्याला कुणी उठवलं?"

"दोघांनी थोडं थोडं. म्हणून तर शेडमध्ये दोघं बी हायेत. मधी आपण, तेल घालायला." मग तो हसायचा. "दुष्काळात आम्ही अमेरिकेचा मिलो खाल्ला, भाऊ. लाल ज्वारी. आमच्याकडचं जनावर तोंड लावत नव्हतं तिला. आम्ही लावलं."

हे मी घरी सांगितलं. शाळेत मन लागलं नाही माझं, पण हे ऐकण्यात लागायचं. बायकोलाही लागायचं, माझ्यापेक्षा जास्त. ती भाकर थापता थापता प्रश्न टाकायची आणि मला उत्तर यायचं नाही. मग मी तो प्रश्न डब्याबरोबर फिटरकडे घेऊन जायचो.

अशात आमच्या शेडमध्ये तिसरं मशीन आलं. जपानची प्रेस, पत्रा दाबून आकार देणारी. ती बसवायला माणूसही जपानहून आला. पंचेचाळिशीचा असेल, बुटका, केस बारीक कापलेले. नमस्कार म्हणून असा वाकायचा की वाटायचं याचं काहीतरी खाली पडलंय. त्याची राहायची सोय वाशीला केली होती. गाडी सोडायची, न्यायची. पण त्याच्या पोटाचे हाल. कँटीनची तिखट डाळ बघून तो हात जोडायचा. केळी आणि बिस्किटं, बस्स. थोड्याच दिवसांत त्याचा पट्टा आतल्या भोकावर गेला.

एक दिवस मी डबा उघडला. भात आणि निवट्यांचं आंबट कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते मासे, डोळे डोक्यावर आलेले. शहरातली माणसं नाक मुरडतात. हा जपानी लांबून उठून आला, डब्यात वाकून बघितलं आणि ओरडलाच. दोन बोटं डोळ्यांवर ठेवली, हातानं चिखलात सरपटल्यासारखं केलं, उडी मारून दाखवली. अगदी निवटी. त्याच्या गावाच्या खाडीतही हाच मासा, आणि तेही खातात! मी अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं हाडंसुद्धा चोखून ठेवली.

संध्याकाळी घरी सांगितलं. बायको भडकली.

"माजा डबा कंपनीवाल्याला दिलंव?"

"कंपनीचा नाही गो, जपानचा आहे."

"जपान कया हाय?"

"समुद्रापल्याड. लांब."

"आन् तिकरं निवट्या हायेत?"

"तो म्हणतो आहेत."

राग एका बाजूला आणि कुतूहल एका बाजूला, दोन्ही तिच्या तोंडावर मला दिसत होतं. शेवटी म्हणाली, "रविवारी आना त्याला. पन घरी. मी काय तिकरं पाठवनार नाय."

रविवारी फिटर त्याला घेऊन आला. फिटरला थोडं इंग्रजी यायचं, जपान्यालाही थोडंच, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. जपानी बूट काढून ओटीवर मांडी घालून बसला. बायकोनं निवट्या, चिंबोऱ्या, तांदळाची भाकर असं मांडलं आणि पदर सावरून, दुसऱ्या कुणाशी बोलावं तसंच त्याच्याशी बोलली.

"दादूस, भूक हाय ना?"

जपानी मान हलवून म्हणाला, "हाय!"

बायकोचा हात तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं, परत त्याच्याकडे.

"भात हाय, आनू?"

"हाय, हाय!"

"अवो!" ती मला म्हणाली. "याला आपली बोली येते!"

फिटर हसून लोळायचा बाकी राहिला. "वहिनी, त्यांच्यात ‘हाय’ म्हणजे ‘हो’!"

"मंग आपल्यान काय येगला हाय?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं फिटरचं मधलं बोलणं मानलंच नाही. ती सरळ दादूसशी बोलायची. काय सांगायची नाही त्याला! म्हस आटली ते, जावेनं काय टोमणा मारला ते, सगळं. आणि तो प्रत्येक वाक्याला मान खाली करून, "हाय. हाय." तिला असं ऐकून घेणारा माणूस कधी मिळाला नव्हता. मला हेवा वाटायचा, सरळ सांगतो.

तो चार-पाच रविवार आला असेल. एकदा फिटरच्या घरीही नेला. तिथं भिंतीवर बुद्धाचा फोटो बघून हा हात जोडून उभा राहिला, तर फिटर पुढे आठवडाभर शेडमध्ये सांगत फिरत होता, "पाहुणा आमच्यातला हाय."

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती. फिटरनं त्याला सहज विचारलं, लढाईत तू कुठं होतास? जपान्यानं चुलीतला विझलेला कोळसा मागितला आणि ओटीच्या सारवलेल्या जमिनीवर चित्र काढलं. खाडी. चिखलात निवट्या. काठावर त्याचं घर. एक लहान पोरगा, तो स्वतः. घरामागे डोंगर. आणि डोंगराच्या पलीकडे, वर, एक जाड दांडा आणि त्यावर मोठी गोल टोपी.

बायकोला वाटलं पाहुण्याला खायला हवंय.

"अलंबी?" ती म्हणाली. "आता नाय मिलत, दादूस. पावसान येतान. तवा ये, करीन मी."

"हाय," तो म्हणाला.

फिटर चित्राजवळ उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, ती अळंबी न्हाई. बॉम्ब हाय तो. अमेरिकेचा. डोंगरापलीकडचं सगळं शहर गेलं. धूर असा उभा राहिला."

ती खाली बसली. पुढचं फिटरनं विचारून विचारून सांगितलं. लढाई संपल्यावर यांना खायला नव्हतं. रताळ्याची पानं खाल्ली, निवट्या खाल्ल्या, चिखलही ढवळून संपला. मग शाळेत अमेरिकेची दुधाची पावडर आली. पाण्यात ढवळून वाटीत द्यायचे. वास यायचा. हे सांगताना त्यानं नाक धरलं आणि असं तोंड केलं की आम्ही हसलो. फिटर म्हणाला, "आमच्या मिलोचा भाऊ दिसतोय."

बायको हसली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "मारला कोनी? अमेरिकेनी. आन् दूध पन त्यांनीच दिला?"

"व्हय वहिनी."

"कनाला?"

"रशियाकडं जाऊ नये म्हणून. पडलेला पैलवान दुसऱ्याच्या तालमीत गेला तर?"

"म्हंजे दया नाय."

फिटरनं डोकं खाजवलं. "दया बी असंल थोडी. पावडर ढवळणाऱ्याला काय ठाऊक असतंय वरचं राजकारण."

हा माणूस कधीकधी असं बोलून जायचा की मला दोन दिवस पुरायचं. मला मात्र दुसरंच कोडं पडलं होतं. जिंकले ते दोघं, आणि त्यांची मशीनं आमच्या शेडमध्ये कुरकुरत होती. हरलेला माणूस उठला आणि त्याची प्रेस अशी चालत होती की वर पाण्याचा पेला ठेवला तर हलू नये. हे कसं झालं? मी फिटरला विचारलं. त्याचं म्हणणं, त्यांचं सगळं जळालं होतं, म्हणून सगळं नवं घ्यावं लागलं. मला ते पटलं आणि नाहीही. जळालं की नवं मिळतंच, हे कुणी ठरवलं? आमचंही सगळं गेलं होतं. आम्ही तेल घालत होतो.

फिटर हात धुवायला मागच्या दारी गेला. ओटीवर आम्ही तिघंच. बायको सरकून त्याच्या समोर आली आणि त्या कोळशाच्या टोपीवर बोट ठेवलं.

"दादूस, राग हाय?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "हाय."

"अजून हाय?"

"हाय."

"तरी दूध पिलास?"

त्यानं कोळशाच्या टोपीकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "हाय."

ती उठून आत गेली. त्याला भाकर बांधून दिली. जाताना त्यानं तिच्याकडे बोट केलं, मग कारखान्याच्या दिशेनं, हातानं प्रेस खालीवर केली, "कम, कम" म्हणाला. प्रेस पहिल्यांदा चालू व्हायची होती, त्याला तो बोलवत होता. मीच घाईनं म्हणालो, "ती नाही येत तिकडं." तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. पण येते असंही म्हणाली नाही.

पुढे ओटी सारवताना चित्राचा तेवढा कोपरा तिनं बरेच दिवस सोडला.

प्रेस चालू व्हायच्या दिवशी सकाळी मी सायकल काढली, तर ती हिरवं लुगडं नेसून, अंबाडा घालून दारात उभी. मी विचारलं, "कुठं?"

"दादूसकरं."

"आणि तुझा राग?"

"तो हाय ना. तो कया जातंय?" सायकलच्या मागे बसता बसता म्हणाली, "त्याला पन हाय. तरी पिला ना तो? राग घरी ठेवून जावा लागतंय असा कोनी सांगला?"

फाटकाशी ती उतरली. वॉचमननं सलाम केला, ओळखीचा होता, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. चपला काढल्या. मी म्हणालो, "अगो, इथं पत्र्याचे तुकडे असतात, पायात जातील." ती म्हणाली, "शेतान कोन चपला घालतंय?" आणि तशीच आत आली.

शेडमध्ये सगळे जमले होते. साहेब लोक, नारळ, उदबत्त्या. ती कुणाकडे बघेना, मशीनकडेही बघेना. शेडचं मोठं दार उघडं होतं, त्यातून डोंगर दिसतो, आणि डोंगरात एक खिंड आहे. ती त्या खिंडीकडे बघून जरा डावीकडे सरकली, परत बघितलं, आणखी सरकली. आम्ही लावणीच्या वेळी असंच करायचो, पाण्याखाली बांध सापडत नसला की. ती नेमकी प्रेसच्या पायाशी येऊन थांबली आणि मला म्हणाली, "इकरं होती चिंच."

मी तिथं रोज झाडू मारत होतो. मला कधी दिसलं नव्हतं.

जपानी पुढे आला. नवी टोपी घातली होती. तो आधी प्रेसपुढे वाकला, मग वळून तिच्यापुढे वाकला, कमरेत, खूप वेळ. साहेब एकमेकांकडे बघायला लागले की ही हेल्परची बायको कोण मोठी. तिनं वाटीतलं कुंकू घेतलं. मशीनला लावेल असं मला वाटलं. ती खाली वाकली आणि काँक्रीटला लावलं.

"दादूस," ती म्हणाली, "तू माजे शेतान हायेस."

"हाय," तो म्हणाला.

त्यानं बटण दाबलं. प्रेस खाली आली, एकदाच ‘धप्’, आणि पायाखालची जमीन जराशी थरथरली. बायकोनं पायाचे अंगठे आवळले. पेढे वाटले, तिनं घेतले नाहीत. घरी आल्यावर पाय धुतले आणि कामाला लागली.

जपानी आठवड्यानं गेला. जाताना तिला एक लहान कापडी पिशवी देऊन गेला, ती तिनं सुपारीसाठी वापरली, फाटेपर्यंत. पत्ता वगैरे कुणी घेतला नाही. तेव्हा सुचत नव्हतं असं काही.

पुढच्या का त्याच्या पुढच्या वर्षी प्रेसचं काहीतरी बघायला दुसरा जपानी आला, तरुण, बरोबर दुभाष्या. फिटरनं त्या दुभाष्याशी गप्पा मारताना आमचा किस्सा सांगितला. तो हसला आणि म्हणाला, नेहमीच ‘हो’ असं नसतं ते. समोरचा बोलतोय आणि मी ऐकतोय, एवढंही असतं. काही कळलं नसलं तरी म्हणतात.

मी घरी आलो. ती चिंबोऱ्या साफ करत बसली होती. सांगू का नको असं झालं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. सांगितलं. की बाई, त्याला राग होता का, दूध प्यायला का, काही खरं नाही. त्याला तुझी बोली कळतच नव्हती. तो नुसता ऐकलं ऐकलं म्हणत होता.

तिनं एका चिंबोरीची नांगी मोडली.

"आयकला ना पन?"

"ऐकलं."

"मोजनीवाले आलते तवा मी बांधावर उभी राहून किती बोल्ले. एकानी तरी हाय म्हटला?"

मी म्हणालो, "पण मग त्याला खरंच राग होता का नव्हता? आपल्याला कसं कळणार?"

"मना पन तोच इचार येतंय," ती म्हणाली. "पावसान आला तर इचारू. अलंबी देन म्हटलंय मी त्याला."

तो आला नाही. ती मात्र दर दसऱ्याला शेडमध्ये यायला लागली, अनवाणी. खिंडीकडे बघायची, प्रेसच्या पायाशी कुंकू लावायची. आणि दिवाळीचा मिठाईचा डबा शेवटपर्यंत तसाच शेजारी जायचा. दोन्ही. कुणाला विचित्र वाटलं तर वाटू दे.

रशियाचं राज्य मोडलं ते मी टीव्हीवर बघितलं. शेडमधलं त्यांचं हिरवं मशीन त्यानंतरही चालत होतं, त्याला कुणी कळवलं नसावं. फिटर रिटायर होऊन पोराकडे खारघरला गेला, आता तोही नाही. कारखाना बंद झाला, शेड पाडली, तिथं काचेची इमारत आहे, कॉम्प्युटरवाल्यांची. मध्ये एकदा गेलो होतो. फाटकावर कार्ड मागतात. बाहेरूनच खिंड शोधायचा प्रयत्न केला, तर डोंगर काचेत उलटा दिसत होता.

मला अजून त्या जपान्याचं कोडं सुटलेलं नाही. इतका मार खाऊन, मारणाऱ्याच्याच हातचं पिऊन, पुन्हा उभं राहायचं आणि इतकं चांगलं मशीन करायचं, यात रागाचं काय होतं? तो जातो का पायात उतरतो? तिला विचारलं असतं तर तिनं काहीतरी सांगितलं असतं.

घरी आलो की मी चप्पल काढता काढता दारातूनच विचारायचो, "हायेस का गो?" आतून यायचं, "हाय." भांड्यांच्या आवाजातून, कधी चिडून, कधी नुसतंच. त्याचा अर्थ मी कधी बघितला नाही. अजून चप्पल काढताना तोंडातून निघून जातं. मग थोडा वेळ तसाच उभा राहतो, एक चप्पल पायात.